नऊ वर्षांचे मोटरहोम: डीलरला द्यावे की स्वतः विकावे?

जुने मोटरहोम, म्हणजे आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली सहलीची गाडी, विकायला निघालेल्या माणसाला दोन आकडे ऐकू येतात. डीलर एक किंमत सांगतो आणि जाहिरातींत तशाच गाड्या त्यापेक्षा बऱ्याच चढ्या किमतीला दिसतात. मधली तफावत पाहून डीलर लुबाडतो आहे असे वाटते. पण हे दोन आकडे एका प्रकारचे नाहीत. डीलरचा आकडा हातात पडणाऱ्या पैशाचा असतो. जाहिरातीतला आकडा नुसत्या अपेक्षेचा, त्यातून अजून खर्च, वेळ आणि जोखीम वजा व्हायची असते. ती वजाबाकी कागदावर केल्याशिवाय कुठला मार्ग बरा हे ठरवता येत नाही. खालचे प्रकरण त्या वजाबाकीसाठीच रचले आहे. चलन कोणतेही असो, हिशेब कळावा म्हणून सगळ्या रकमा ‘भागां’त दिल्या आहेत. तशीच, त्याच वयाची, धडधाकट गाडी डीलरच्या आवारात ज्या किमतीला उभी असते, ती किंमत म्हणजे १०० भाग.

परिस्थिती अशी. साठीतले एक जोडपे. फियाट डुकाटो या व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले, चार जणांच्या झोपण्याची सोय असलेले मोटरहोम. वय ९ वर्षे, धाव ४१,००० किलोमीटर, कमाल वजन ३,५०० किलो. दोघांना आता लहान कँपर व्हॅन हवी आहे, कारण एवढी मोठी गाडी मागे घेताना त्रास होतो. गाडीवर ९ भागांचे कर्ज शिल्लक आहे. ती उभी करण्याच्या जागेचा करार चार महिन्यांत संपतो. वसंत नुकताच सुरू झाला आहे, म्हणजे सहलीच्या हंगामाआधी लोक गाड्या शोधतात तो काळ. ही गोष्ट त्यांच्या बाजूची आहे. शरद ऋतूत हीच गाडी काढली असती तर गिऱ्हाईक कमी आणि घासाघीस जास्त, शिवाय डीलरही पुढचा हिवाळाभर माल अंगावर पडेल असे धरून किंमत सांगतो.

त्यांच्यापुढे चार वाटा होत्या. पहिल्या डीलरने फोनवर आणि छायाचित्रे पाहून रोख खरेदीचे ७४ भाग सांगितले. दुसऱ्याने ‘आमच्याकडची कँपर व्हॅन घ्या, जुन्या गाडीचे ८४ देतो’ असे सांगितले. तिसरा गाडी स्वतः विकत घेत नव्हता, पण आपल्या आवारात ठेवून विकून देणार होता. मालकाला नक्की ७८, वर जे मिळेल ते त्याचे. चौथी वाट खासगी विक्रीची. तशाच गाड्या जाहिरातींत ८८ ते ९२ ला होत्या, पण मागितलेली आणि मिळालेली किंमत यांत अंतर असते, म्हणून अंदाज ८७ चा धरला.

वरवर पाहता ८७, ८४, ७८, ७४ असा क्रम लागतो. गाडीची तपासणी झाल्यावर तो टिकला नाही.

आधी गाडी तपासा, मग किंमत विचारा

मोटरहोमची किंमत इंजिनापेक्षा भिंती ठरवतात. ४१,००० किलोमीटर चाललेले डिझेल इंजिन कोणाला घाबरवत नाही, ओल घाबरवते. बांधणी अशी असते: बाहेर अ‍ॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, मध्ये फोम, आत पातळ प्लाय, आणि पुष्कळ गाड्यांत कडेला लाकडी पट्ट्या. सांधे सीलंटने बंद केलेले असतात. गाडी रस्त्यावर पिळवटते, उन्हात तापते, थंडीत आखडते. काही वर्षांत सीलंट कडक होऊन सुटतो आणि पाणी आत शिरते. आतला वॉलपेपर चिकटलेला राहतो, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. दिसते तेव्हा पट्टी कुजलेली असते.

म्हणून कोणालाही किंमत विचारण्याआधी स्वतंत्र तंत्रज्ञाकडून ओल मोजून घ्यावी. मीटरची दोन टोके आतल्या भिंतीला ठरावीक जागी लावून टक्केवारी घेतात आणि ती गाडीच्या नकाशावर लिहून देतात. साधारण १५ टक्क्यांपर्यंत काळजी नाही. १५ ते २० असेल तर काही महिन्यांनी पुन्हा मोजायचे. २० च्या वर गेले की पाणी आत येते आहे असे धरून उगम शोधायचा, आणि ३० च्या वर लाकूड खराब होत असण्याची शक्यता मोठी. गाडी पावसानंतर किंवा आत स्वयंपाक झाल्यावर लगेच मोजली तर आकडे फुगतात, फार कोरड्या हवेत बसतात. एका आकड्यापेक्षा शेजारच्या जागांमधला फरक जास्त बोलतो.

या गाडीत सगळीकडे ११ ते १४ टक्के आले, मागच्या डाव्या कोपऱ्यात खाली मात्र २६. उगम सापडला तो मागच्या दिव्याच्या कडेला. दिव्याचे रबर दबले होते आणि पाणी वायरीच्या भोकातून खाली उतरत होते. ही जागा नेहमीचीच. छतावरच्या खिडक्या, गाडीच्या बाजूला उघडणाऱ्या छत्रीची पट्टी, कोपऱ्यांच्या पट्ट्या, वरच्या कडेचे छोटे दिवे आणि चाकाच्या कमानीजवळचा भिंत-जमिनीचा सांधा, गळती बहुतेक यांतल्याच एखाद्या जागी सुरू होते.

इथे मालक हमखास एक चूक करतात: सांध्यावर बाहेरून सिलिकॉन फासतात. तो सीलंट म्हणून इथे योग्य नाही. त्याच्यावर नंतर दुसरे काही धरत नाही, आणि आत अडकलेले पाणी तसेच राहते. वर जाणकार गिऱ्हाईक सिलिकॉनची ताजी रेघ पाहिली की तिथेच मीटर लावतो. योग्य काम म्हणजे पट्टी किंवा दिवा काढायचा, जुना सीलंट खरवडायचा, ब्यूटाइल किंवा एमएस पॉलिमर सीलंटने पुन्हा बसवायचे, आतला प्लाय कापून ओला फोम काढायचा, पूर्ण वाळू द्यायचे आणि मग बंद करायचे. वाळवण्याची पायरी घाईत उरकली तर तीन महिन्यांनी मीटर पुन्हा तेच सांगतो.

बाकी तपासणीत आणखी दोन गोष्टी निघाल्या. टायरची नक्षी भरपूर होती, पण बाजूला छापलेल्या डीओटी या निर्मिती-संकेताचे शेवटचे चार अंक गाडीइतकेच जुने होते. त्यांतले पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मोटरहोमचे टायर झिजण्याआधी वयाने जातात, कारण गाडी महिनोन् महिने पूर्ण वजनाने एकाच जागी उभी असते. दुसरी गोष्ट इंजिनातल्या टायमिंग बेल्टची. कंपनी त्याला किलोमीटर आणि वर्षे अशा दोन मर्यादा देते, आणि जी आधी येईल ती पाळायची. इथे किलोमीटर शिल्लक होते, वर्षे उलटून गेली होती.

चारही आकड्यांची वजाबाकी

कोपरा दुरुस्त करायचा खर्च कार्यशाळेने ५ भाग सांगितला. प्लाय उघडल्यावर पट्टी हातभर नरम निघाली आणि तो ६ वर गेला. ओलीच्या कामात अंदाज वाढणे हा नियम धरूनच चालावे. टायर २, बेल्ट २.

आता पहिला डीलर. त्याचे ७४ ‘सर्व काही ठीक असल्यास’ होते. ओलीचा अहवाल पाहून त्याने ९ कमी केले, टायर-बेल्टचे ३. राहिले ६२. दुरुस्ती ६ भागांची असताना कपात ९ ची का? कारण भिंत उघडेपर्यंत आत काय आहे हे त्यालाही माहीत नसते, आणि वाईट निघाले तर ते त्याच्या गळ्यात. शिवाय गाडी विकल्यावर हमी तोच देणार, कायद्याने ग्राहकाला उत्तर तोच देणार, माल पडून राहील तितके दिवस व्याज त्याचेच. उरलेल्या फरकात हेच सगळे भरलेले असते. त्यात अन्याय नाही, पण मालक त्याची किंमत मोजतो आहे हे त्याला माहीत असावे.

दुसऱ्या डीलरचे ८४ हा या प्रकरणातला सर्वांत फसवा आकडा. तीच कँपर व्हॅन रोखीने, जुनी गाडी न देता घेतली तर किती, असे जोडप्याने वेगळे विचारले. उत्तर आले: ७ भाग कमी. म्हणजे ती सूट जुन्या गाडीच्या किमतीत मिसळून दाखवली होती आणि खरा भाव ७७ होता. पहिल्या डीलरइतकेच ओल, टायर आणि बेल्टचे १२ गेले की ६५. अदलाबदलीत जुन्या गाडीचा भाव पाहायचाच नाही. वर किती पैसे भरावे लागतात तेवढा एकच आकडा पाहायचा. तो रोखीच्या सौद्याशी ताडून बघितला की गुंता सुटतो. काही ठिकाणी नव्या गाडीवरचा कर फक्त वरच्या फरकावर लागतो. तसे असेल तर वाचलेला कर अदलाबदलीच्या बाजूने जमा धरावा, कधीकधी तेवढ्यानेच पारडे फिरते.

तिसऱ्या वाटेत ७८ नक्की होते, पण गाडी निर्दोष करून देण्याची अट होती. ६, २ आणि २ असे १० गेले, विकेपर्यंतच्या विम्याचा १, उरले ६७. या वाटेत पैशापेक्षा कागद महत्त्वाचा. गाडी डीलरच्या आवारात, मालकी तुमची, आणि गिऱ्हाइकाचे पैसे आधी डीलरच्या खात्यात. मधल्या काळात डीलर बुडाला तर तुम्ही त्याच्याकडून पैसे येणे असलेल्यांच्या रांगेत. म्हणून करारात या गोष्टी स्पष्ट हव्यात: मुदत, मालकाला मिळणारी किमान रक्कम, पैसे वेगळ्या खात्यात ठेवून किती दिवसांत देणार, आवारातील विमा कोणाचा, चाचणीत किती किलोमीटर चालवणार, आणि न विकल्यास परत नेताना आकार आहे का. नोंदणीपत्राची मूळ प्रत सौदा पक्का होईपर्यंत द्यायची नाही.

खासगी विक्रीत ८७ मधून दुरुस्ती ६, टायर २, बेल्ट २, राहण्याच्या भागाची सर्व्हिस आणि गॅस तपासणी १, आणि सफाई, जाहिरात, विमा व जागाभाडे मिळून २, असे १३ गेले. उरले ७४.

तर खरा क्रम ७४, ६७, ६५, ६२. वरवरचा २५ भागांचा फरक ८७ आणि ६२ मधला होता. सगळा खर्च धरून तो १२ वर आला. प्रश्न आता नीट विचारता येतो: या १२ भागांसाठी दोन-तीन महिने, अनोळखी माणसांच्या भेटी आणि पैसे घेण्यातली जोखीम पत्करायची का? शारीरिक ताकद नसेल, गाडी दूर उभी असेल, किंवा जागा पंधरा दिवसांत सोडायची असेल, तर ६२ किंवा ६५ घेणे शहाणपणाचेच. ओल तीन-चार ठिकाणी ३० च्या वर असती तरी आम्ही डीलरच सुचवला असता. तशी गाडी खासगी गिऱ्हाईक दुरुस्तीच्या अंदाजाने घेत नाही, भीतीच्या अंदाजाने घेतो.

इथे ओल एका जागी, हंगाम अनुकूल, वेळ चार महिने. जोडप्याने खासगी विक्री निवडली, पण मुदत घालून: दुरुस्तीला तीन आठवडे, जाहिरातीला आठ, त्यानंतर अदलाबदल. दुसऱ्या डीलरकडून त्याचा भाव, तो किती तारखेपर्यंत टिकेल आणि कोणत्या कारणांनी बदलेल, हे लेखी घेतले. डीलरला सर्व दोष आधीच छायाचित्रांसह कळवावेत. नाहीतर फोनवरचा भाव गाडी दारात आल्यावर उतरतो, आणि इतक्या लांबून आणलेली गाडी परत न्यायची म्हणून मालक गप्प बसतो.

जाहिरात आणि पाहणी

जाहिरातीत बहुतेक लोक सहलींच्या आठवणी लिहितात. गिऱ्हाइकाला मोजमापे हवी असतात. एकूण लांबी व उंची, कमाल वजन, आणि प्रत्यक्ष सामानासाठी उरणारे किलो. हा शेवटचा आकडा जवळजवळ कोणी देत नाही. अनेक देशांत साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचीच गाडी चालते, म्हणून तो लाखमोलाचा. छत्री, सोलर पॅनेल, दुसरी बॅटरी हे सगळे त्यातूनच जाते, आणि टाकीतले १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो. झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट वेगळे लिहावेत, दोन्हींची संख्या सारखी नसते. बॅटरी किती अँपिअर-तासांची आणि कोणत्या वर्षीची, सोलर किती वॉटचे, टायर व बेल्ट कधी बदलले, ओलीचे आधीचे व नंतरचे दोन्ही अहवाल. ओरखड्यांचीही जवळून छायाचित्रे. वाहन क्रमांक आणि नोंदणीपत्राचे छायाचित्र मात्र टाकू नये. त्यावरून बनावट कागद तयार करून तुमचीच गाडी दुसरीकडे विकायला काढली जाते.

सफाईत एक धोका आहे. खिडक्या काचेच्या नसून अ‍ॅक्रिलिकच्या असतात. अल्कोहोल किंवा अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाने त्यांत केसासारख्या चिरा पडतात आणि त्या जात नाहीत. साबणाचे कोमट पाणी, मऊ फडके, एवढेच. खिडक्यांचा पूर्ण संच या चुकीने खराब झाला तर साफसफाईतून मिळालेला सगळा भाव परत जातो.

पाहणीच्या आदल्या दिवशी फ्रिज विजेवर लावून ठेवावा. अमोनिया-पाण्यावर चालणारा शोषण-फ्रिज थंड व्हायला बरेच तास घेतो, आणि गाडी तिरकी उभी असेल तर नीट चालतही नाही. पण गिऱ्हाईक तो गॅसवरही पेटवून मागणार. या गाडीत पहिल्याच पाहणीला फ्रिज गॅसवर पेटला नाही. हिवाळाभर बंद राहिल्याने बर्नरवर गंज आणि जाळे साचले होते. तंत्रज्ञाने तो साफ केल्यावर चालला, पण ते गिऱ्हाईक परत आले नाही. फ्रिज, हीटर आणि पाणी तापवणारा बॉयलर तिन्ही आपापल्या प्रत्येक ऊर्जेवर आधी स्वतः चालवून पाहावेत. पंपाची परीक्षा तर सोपी: सगळे नळ बंद केल्यावर पंप थांबला पाहिजे आणि थांबलेलाच राहिला पाहिजे. नळ बंद असताना तो दर काही मिनिटांनी गुरगुरत असेल तर कुठेतरी पाणी गळते आहे. आरामात असलेली, भार नसलेली चांगली लेड-अ‍ॅसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे निम्मी.

इंजिन थंड ठेवावे. बॉनेट गरम लागले की समोरचा समजतो, थंड इंजिन सुरू व्हायला त्रास देत असणार. चालवून पाहण्याआधी गिऱ्हाइकाचा परवाना आणि त्याच्या नावे लागू असलेला विमा तपासायचा, आधी मालकाने चालवायचे, मोकळ्या जागी जागा बदलायच्या, आणि चालक बदलताना किल्ली हातात ठेवायची.

पैसे, कर्ज, ताबा

मागितले ९०. सहाव्या आठवड्यात एका कुटुंबाने आपला तंत्रज्ञ आणून गाडी तपासली आणि सौदा ८६ ला ठरला. १३ वजा जाता ७३, अंदाजापेक्षा एक भाग कमी. इसार घेताना पावतीवर रक्कम, उरलेले पैसे भरायची तारीख, आणि इसार कधी परत होईल व कधी होणार नाही, हे लिहिले.

कर्ज असलेली गाडी खासगी विकताना समोरच्याचा विश्वास बसणे कठीण जाते, आणि ते रास्तच आहे. बोजा न उतरता पैसे दिले तर गाडी त्याच्या हातून जाऊ शकते. त्यामुळे कर्ज देणाऱ्या संस्थेकडून ठरावीक तारखेपर्यंत लागू असे फेडीचे पत्र आणले. गिऱ्हाइकाने ९ भाग थेट संस्थेच्या खात्यात भरले, बोजा उतरल्याचा कागद आल्यावर ७७ मालकाच्या खात्यात.

पैसे कामाच्या दिवशी सकाळी, बँक उघडी असताना घ्यावेत. मोठ्या रकमेला रोजची मर्यादा आड येते, आणि नव्या खात्यावरचा पहिला व्यवहार बँक कधीकधी तपासणीसाठी रोखून धरते. समोरच्याच्या फोनवरचे चित्र किंवा आलेला संदेश हा पुरावा नव्हे. स्वतःच्या खात्यात स्वतः शिरून जमा रक्कम पाहायची. गाडी न पाहता पूर्ण किंमत कबूल करणारा, जास्त पैसे पाठवून वरचे वाहतूकदाराला द्यायला सांगणारा, किंवा स्वतःच सुचवलेल्या मध्यस्थ संकेतस्थळावर पैसे ठेवू पाहणारा, या तिघांशी बोलणे तिथेच थांबवावे.

ताबा पावतीवर सांगाडा क्रमांक, किलोमीटर, तारीख आणि वेळ. वेळ यासाठी, की त्या संध्याकाळी झालेला दंड किंवा अपघात कोणाचा हे ठरावे. ‘जशी आहे तशी’ एवढेच लिहून भागत नाही. माहीत असलेली खोट लपवली तर खासगी विक्रेताही अडकतो. म्हणून दुरुस्त केलेला कोपरा, दोन्ही अहवाल आणि उरलेले ओरखडे पावतीवर लिहून दोघांच्या सह्या झाल्या. नोंदणी कार्यालयाला विक्री कळवण्याचे काम मालकाने स्वतः त्याच दिवशी केले, आणि मालकी बदलाची नोंद दिसल्यावरच विमा बंद केला.

गॅसची टाकी अनेकदा गॅस कंपनीची, ठेवीवर घेतलेली असते. ती गाडीसोबत विकायची नसते, परत करून ठेव घ्यायची. हीटरचे अ‍ॅप, चोरीविरोधी ट्रॅकर आणि सोलरचे खाते नव्या मालकाच्या नावे करून दिले. दाराच्या, टाकीच्या आणि मागच्या कप्प्याच्या मिळून सर्व किल्ल्या, सर्व्हिसची पुस्तके आणि रेडिओचा संकेत एका पाकिटात दिले. मग त्या जोडप्याने दुसऱ्या डीलरकडची तीच कँपर व्हॅन घेतली, रोखीने, ७ भाग कमी देऊन.